परदेशी निघालाय? विमा कुठून घ्यायचा ते ठरवण्याआधी हे करा

जून २०२३. जर्मनीत डसेलडॉर्फला दर चार वर्षांनी फाउंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, गिफा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले आम्ही सहाजण गेलो होतो. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला आमच्यातल्या एकाच्या कमरेत कळ उठली. मुतखडा. माणूस पलंगावर लोळतोय, आणि मी त्याच्या मोबाइलवर विम्याचा कागद शोधतोय. कागद सापडला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत मदतीचा नंबर, १८०० नं सुरू होणारा. लावला, लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना. आपल्याकडचा टोल-फ्री नंबर बाहेरच्या देशातून सहसा लागतच नाही, हे मला त्या रात्री कळलं. परदेशातून लावायचा नंबर त्याच फाइलमध्ये सतराव्या पानावर बारीक अक्षरांत होता. तो सापडेपर्यंत हॉटेलवाल्यानं अँब्युलन्स बोलावलीसुद्धा.

विमा त्यानं तिकीट काढता काढता घेतला होता. वेबसाइटवर एक चौकोन होता, त्यावर टिक केली, झालं. माझा विमा राजारामपुरीतल्या एजंटाकडचा. मी त्याला फोन लावला तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे दीड वाजले होते. पॉलिसी त्याची नव्हे, कंपनीही त्याची नव्हे, तरी बिचारा उठून बसला आणि म्हणाला, "साहेब, हॉस्पिटलात भरती व्हायच्या आधी कंपनीला नुसतं कळवा तरी. केस नंबर घ्या. बाकीचं मागनं बघू."

तेव्हापासून पाहुण्यांत, गल्लीत, कारखान्यांत कुणाचंही परदेशी जायचं ठरलं की विम्याचं बघायला मला हाक येते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठली कंपनी चांगली?" दुसरा, "ऑनलाइन स्वस्त पडतं काय?" दोन्ही प्रश्न मी मागे ढकलतो. आधी आपला प्रवास, मग पॉलिसीचा मजकूर, आणि दुकान सगळ्यात शेवटी. मेटल ओतायच्या आधी मोल्ड बघायचा असतो. ओतल्यावर बघून काय करणार?

पायरी पहिली: वहीच्या एका पानावर प्रवास लिहा

मोबाइलवर नको, कागदावर लिहा. गेल्या वर्षी आईआबांना युरोपला पाठवताना मी असं पान केलं होतं. देश कुठले, मध्ये विमान बदलायला कुठं थांबणार, परतताना दुबईत दोन दिवस भाचीकडे. नुसता युरोपपुरता विमा घेतला असता तर ते दोन दिवस उघडे पडले असते. मग तारखा: घरातून निघायची आणि घरी पोचायची, विमानाची नव्हे. मग प्रत्येकाचं वय, निघायच्या दिवशी पुरं झालेलं. बरेच प्लॅन साठी ओलांडल्यावर वेगळे दर लावतात आणि कित्येक प्लॅन सत्तरीला दारच बंद करतात.

त्याखाली औषधं. आई म्हणाली, "मला कुठं काय आजार आहे?" मग श्रीखंडाचा जुना डबा उघडला, ज्यात तिच्या गोळ्या असतात, आणि एकेक स्ट्रिप पलंगावर मांडली. थायरॉईडची एक, बीपीची एक, गुडघ्यासाठी लागेल तशी एक. आबांची २०१८ ची अँजिओप्लास्टी. ही यादी पुढं फॉर्म भरताना जशीच्या तशी लागते, म्हणून गोळीचं नाव आणि कधीपासून चालू आहे ते लिहा.

शेवटी दोन गोष्टी. परत न मिळणारे किती पैसे आधीच भरले आहेत, आणि तिथं जाऊन काय काय करणार. पोराला स्वित्झर्लंडला पॅराग्लायडिंग करायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या. साहसी खेळ बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात किंवा जादा पैसे भरून घ्यावे लागतात. थायलंडला जाऊन स्कूटर भाड्यानं घेणाऱ्यांनी लायसनचंही बघावं. त्या देशात चालणारं लायसन नसताना अपघात झाला तर क्लेमला हरकत निघू शकते.

आता पावसाळ्याचं. हे मुंबई-पुण्याचा माणूस लिहिणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही. आपल्याला आधी मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठावं लागतं, आणि तिथपर्यंतचा टप्पाच आपल्यासाठी सगळ्यात बेभरवशाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. २०१९ च्याच जुलैमध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. असं असताना आपण समजतो की "विमान चुकलं तर विमा आहे की!" पण बहुतेक परदेश प्रवासाच्या पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' म्हणजे एका विमानातून उतरून दुसरं पकडताना झालेला उशीर. कोल्हापूरहून मुंबईला जाताना कराडजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर ते त्यात बसतंच असं नाही. औषधोपचाराचं कव्हरही साधारणपणे देश सोडल्यावर सुरू होतं. प्रवास रद्द झाल्याचं कव्हर मात्र, पॉलिसीत असेल तर, पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं. त्यात राहत्या शहरात आलेला पूर हे कारण धरलंय का, हे वाचून घ्या.

आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, ४३ ची धोक्याची पातळी जवळ आली, बातम्या सुरू झाल्या, तेव्हा विमा काढायला धावून उपयोग नाही. आधीच माहीत झालेल्या संकटाचे पैसे विमा कंपनी देत नाही. जुलै-ऑगस्टचं विमान असेल तर पॉलिसी मे महिन्यात घ्या आणि एक दिवस आधी मुंबई गाठा. त्या एका रात्रीचं लॉजचं भाडं हाच सगळ्यात खात्रीचा विमा, असं माझं मत.

पायरी दुसरी: आपल्याकडे आधीच काय आहे ते बघा

काही क्रेडिट कार्डांवर प्रवास विमा असतो. पण तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असणं, ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं असणं अशा अटी असतात, आणि औषधोपचाराची रक्कम बहुतेक तुटपुंजी. नोकरीतर्फे जाणाऱ्यांनी कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का ते एचआरला विचारावं. शिकायला जाणाऱ्या मुलांनी आधी विद्यापीठाला ईमेल करावा. बरीच विद्यापीठं त्यांच्याच पद्धतीचा विमा मागतात आणि इथून घेतलेला फुकट जातो.

देशातल्या देशात चारधामला वा काशीला जाणार असाल तर नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी देशभर चालते. वेगळा प्रवास विमा मी तरी घेत नाही. रेल्वेचा मात्र घेतो. आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना ४५ पैशांत अपघाती मृत्यूला १० लाख आणि हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत विमा मिळतो. त्यानंतर मोबाइलवर येणाऱ्या लिंकवर नॉमिनी भरायचा असतो, आणि ते शंभरातले नव्वद लोक विसरत असावेत, मी धरून.

पायरी तिसरी: दुकानात बसलेला माणूस कुणाचा, ते ओळखा

बाहेरून सगळे सारखेच दिसतात, सगळे म्हणतात "काळजी करू नका". पण कायद्यानं प्रत्येकाची जागा वेगळी आहे, आणि अडचणीच्या वेळी त्यानंच फरक पडतो.

एजंट हा कंपनीचा माणूस. त्याला जीवन विम्यासाठी एक, सर्वसाधारण विम्यासाठी एक आणि आरोग्य विम्यासाठी एक अशाच कंपन्यांचं काम करता येतं. म्हणजे आपल्या गल्लीतला एलआयसीचा एजंट "सगळ्यात चांगला प्लॅन" म्हणून जो देतो, तो त्याच्याकडच्या एकदोन कंपन्यांतला सगळ्यात चांगला. यात लबाडी नाही, त्याची मर्यादा आहे. पण तो रात्री फोन उचलतो, कागद भरायला घरी येतो, आणि त्याची पोरं आपल्या पोरांच्या शाळेत असतात. वयस्कर आईवडिलांसाठी मी याच रस्त्यानं जातो.

ब्रोकर हा कायद्यानं ग्राहकाचा माणूस. तो बऱ्याच कंपन्यांचे प्लॅन दाखवतो. मोठ्या तुलना करणाऱ्या वेबसाइटही आता बहुधा ब्रोकर म्हणून नोंदलेल्या असतात. पानाच्या तळाशी परवान्याचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असतो, तो वाचा. अशा साइटची खरी सोय म्हणजे दहा प्लॅनच्या पॉलिसींचा मजकूर एका जागी उतरवून घेता येतो. मी वाचायला तिथं जातो, घ्यायला तिथंच जातो असं नाही. एकदा फोन नंबर दिला की पंधरा दिवस कॉल येत राहतात, त्याला इलाज नाही.

बँक ही 'कॉर्पोरेट एजंट'. सर्वसाधारण विम्याच्या जास्तीत जास्त नऊ कंपन्यांशी ती करार करू शकते. प्रत्यक्षात शाखेत एकदोनच विकल्या जातात. फॉरेक्स कार्ड काढायला गेलात की विम्याचा फॉर्मही पुढं येतो. घाईत सही करू नका, इतकंच.

विमान तिकिटाच्या वेबसाइटवरचा चौकोन. आमच्या मित्राला नडला तो हाच. वाईट पॉलिसी असते असं नाही, पण ती सरसकट सगळ्यांसाठी बेतलेली असते, आजार विचारणारा प्रश्न एका ओळीचा असतो आणि मजकूर वाचायला तिथं वेळ नसतो. टिक आपोआप पडलेली दिसली तर काढून टाका. ग्राहकाला न विचारता बिलात वस्तू घुसडणं हे २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या 'डार्क पॅटर्न' (वेबसाइटवर ग्राहकाला फसवणारी मांडणी) विरोधी नियमांनुसार चुकीचं आहे.

टूर कंपनी. शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये टूरला निघण्याआधीची मीटिंग होती. सगळ्यांना टोपी आणि पाठीवरची सॅक वाटली. मॅनेजर म्हणाला, "इन्शुरन्स पॅकेजमध्येच आहे." माझ्या काकूनं हात वर केला, "किती रुपयांचा हो?" त्याला माहीत नव्हतं. "मला शुगर आहे, ती धरलीय का?" तेही माहीत नव्हतं. काकू म्हणाली, "मग सॅक नको, कागद द्या." असं विचारायला लाजू नका. ग्रुप पॉलिसी असली तरी तुमच्या नावाचं प्रमाणपत्र आणि अटींची प्रत मागा, निघायच्या किमान दहा दिवस आधी. विमानतळावर लिफाफ्यात मिळालेली पॉलिसी म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये मिळालेलं पुस्तक.

आणि थेट कंपनी. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत, खासगीही बऱ्याच आहेत. वेबसाइटवर थेट घेता येतं. स्वतः वाचू शकणाऱ्या, धडधाकट, पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाला हा रस्ता सरळ. पुढं भांडायची वेळ आली तर मध्ये कुणी नसतं, हा याचा फायदाही आणि तोटाही.

किमतीबद्दल एकदाच सांगतो. प्रत्येक प्लॅनला एक यूआयएन क्रमांक असतो, तो पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. दोन दुकानांत यूआयएन, रक्कम, दिवस आणि वय तेच असेल तर किंमत साधारण तीच निघते. फार तर थेट ऑनलाइन घेतल्याची कंपनीनंच ठरवलेली सवलत मिळते. किंमत बरीच कमी दिसली तर प्लॅन वेगळा आहे, सूट मोठी नव्हे. "माझ्या कमिशनातनं देतो की" असं कुणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनातून परतावा देताही येत नाही आणि घेताही येत नाही, आणि दंडाची मर्यादा १० लाखांपर्यंत आहे. म्हणजे दुकान निवडायचं ते किमतीवर नव्हे, मदतीवर.

पायरी चौथी: मजकूर वाचा, निदान हे शब्द शोधा

चाळीस पानांची पीडीएफ कुणीच पुरी वाचत नाही. मीही नाही. फाइल उघडायची आणि शोधाच्या खिडकीत एकेक शब्द टाकायचा.

पहिला शब्द डिडक्टिबल. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी रक्कम. समजा ती १०० डॉलर आहे आणि दवाखान्याचं बिल १४० झालं, तर हातात ४० येणार. सर्दी-तापाला विमा आहे असं समजून निघालेल्यांचा इथंच भ्रमनिरास होतो.

दुसरा सब-लिमिट. पॉलिसीवर पन्नास हजार डॉलर लिहिलेलं असतं, पण साठीच्या पुढच्या माणसाला एका आजाराला, एका ऑपरेशनला, आयसीयूच्या एका दिवसाला इतकेच, अशी आत मर्यादा असते. वरचा आकडा शोभेचा, आतला खरा. आबांसाठी चार प्लॅन बघितले तेव्हा दोन याच शब्दावर बाद झाले.

तिसरा प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीपासूनचा आजार. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो, किंवा जीवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरतात. इथं वहीतलं पान काढा आणि सगळं लिहा. मागं एका एजंटानं मला सांगितलेलं शब्दशः आठवतं, "ते बीपीचं कशाला लिवताय साहेब? प्रीमियम वाढंल उगंच." तो एजंट मी सोडला. प्रीमियम थोडा वाढतो, हे खरं. पण लपवलं तर क्लेम नाकारायला कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं, आणि ते कारण देताना तो एजंट शेजारी उभा नसतो.

बॅग हरवण्याचं कव्हर लोकांना फार आवडतं, मला ते कमी महत्त्वाचं वाटतं. बॅगेला उशीर झाल्याचे पैसे ठरावीक तास उलटल्यावरच मिळतात, आणि परतीच्या प्रवासात भारतात उतरल्यावर झालेला उशीर बऱ्याच पॉलिसी धरतच नाहीत. तरी बॅग नाही आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवरून 'पीआयआर' नावाचा तक्रारीचा कागद घ्या. तो नसेल तर पुढं बोलणंच खुंटतं.

रक्कम किती? शेंगेन व्हिसासाठी युरोपातल्या २९ देशांचा नियम आहे: किमान ३०,००० युरोचं कव्हर, शेंगेनमधल्या सगळ्या देशांत चालणारं, राहण्याच्या पूर्ण काळाचं, आणि त्यात आजारी माणसाला वा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला. हा व्हिसाचा किमान आकडा आहे, तुमच्या गरजेचा नव्हे. अमेरिकेला जाणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी पट घ्यावा. तिथली हॉस्पिटलची बिलं दुसऱ्याच जगातली. 'अमेरिका-कॅनडा सोडून' असा प्लॅन स्वस्त दिसतो तो याच कारणानं, आणि शिकागोला मुलाकडे निघालेल्या सासऱ्यांनी तो घेऊ नये, हे सांगायला लागतं. मी सांगितलंय.

इंग्रजी जड जात असेल तर 'ग्राहक माहिती पत्रक' मागा. पॉलिसीतल्या महत्त्वाच्या अटी त्यात सोप्या भाषेत दिलेल्या असतात, आणि ते मराठीत हवं म्हणून मागता येतं.

पायरी पाचवी: घेण्याआधी रात्री फोन लावून बघा

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतली सगळ्यात कामाची पायरी ही, आणि ती कुणीच करत नाही. दोन-तीन प्लॅन उरले की प्रत्येकाच्या मजकुरातला परदेशातून लावायचा मदतीचा नंबर शोधा. १८०० वाला नको; देशाच्या कोडासह असलेला. रात्री साडेदहानंतर लावा. आबांच्या वेळी मी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये स्पीकरवर लावला होता. एका कंपनीकडे अकरा मिनिटं गाणं वाजलं, मग कट. दुसरीकडे चौथ्या मिनिटाला माणूस बोलला, तेही हिंदीत. मी तीन प्रश्न विचारले. प्रागमध्ये वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर पहिला फोन कुणाला? हॉस्पिटलला थेट पैसे देता की आम्ही आधी भरायचे? अँजिओप्लास्टी झालेली आहे, ती लिहिली तर कव्हर किती? त्यानं तिसऱ्या प्रश्नाला "थांबा, वाचून सांगतो" म्हटलं आणि खरंच वाचून सांगितलं. आईनं तेव्हाच स्वयंपाकघरातून निकाल दिला, "ह्याचाच घे."

एजंटाचीही अशीच परीक्षा घ्या. "मागच्या वर्षी परदेशातला एखादा क्लेम केलाय काय? कसा झाला, सांगा बघू." केला असेल तर तो दहा मिनिटं सांगेल. नसेल तर लगेच प्रीमियमवर येईल.

जाहिरातीतलं क्लेमचं टक्केवारीचं प्रमाण मी फारसं धरत नाही. त्यात गाडी, आरोग्य, सगळ्या धंद्याचं मिळून असू शकतं. प्रवास विम्याचं वेगळं काय, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

पायरी सहावी: पैसे भरताना

पैसे कंपनीच्या खात्यावर, कंपनीच्या लिंकवरून. एजंटाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांचं मधलं नाव असेल तर तेही. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, नॉमिनी. ईमेल स्वतःचा घाला, एजंटाचा नव्हे. नाहीतर पॉलिसी त्याच्या इनबॉक्समध्ये आणि आपण हवेत. पॉलिसी आली की तिचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून खरी आहे का बघा, आणि आजाराच्या रकान्यात आपण सांगितलं तेच छापलंय का तेही. आबांच्या पॉलिसीत पहिल्यांदा 'नाही' छापून आलं होतं. फोन करून दुरुस्त करून घेतलं, नवीन प्रत मागवली.

व्हिसासाठी पॉलिसी आधी घ्यावी लागते, म्हणून व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात का आणि किती कापून, हे घेतानाच विचारा. प्रवास सुरू व्हायच्या आधी रद्द केली तर बहुतेक कंपन्या थोडं शुल्क कापून देतात. आणि मुक्काम वाढला तर पॉलिसी संपायच्या आधीच वाढवून घ्यावी लागते. संपल्यावर फोन केलात तर ऐकायला कुणी बांधील नाही.

पायरी सातवी: बरोबर काय न्यायचं, आणि बिनसलं तर

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत पॉलिसी नंबर, परदेशातून लावायचा नंबर, औषधांची यादी आणि कोल्हापुरातला एक नंबर. एक प्रत पाकिटात, एक सॅकमध्ये, एक इथं घरी. आईनं तिची प्रत हळदीकुंकवाच्या डबीबरोबर पर्समध्ये ठेवली होती. भरती व्हायची वेळ आली तर शक्यतो आधीच, नाहीतर होता होईल तितक्या लवकर, मदतीच्या नंबरला कळवा आणि केस नंबर लिहून घ्या. तिथून प्रत्येक कागद आणा: डॉक्टरची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, बिल, पैसे भरल्याची पावती, डिस्चार्जचा कागद, बोर्डिंग पास. स्वतः भरलेल्या खर्चाचे पैसे इथं आल्यावर रुपयांत मिळतात, आणि भाषा जर्मन असेल तर भाषांतर मागितलं जाऊ शकतं.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. त्याचबरोबर विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार, किंवा १५५२५५ वर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूरकरांसाठी तो पुण्यात बसतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकतो; मात्र कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. आधी कंपनीला लेखी दिल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा ईमेल करा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

आमच्या मुतखडेवाल्या मित्राचा क्लेम पहिल्यांदा नाकारला गेला. दोन वर्षांपूर्वी त्याला एकदा खडा झाला होता, आणि त्या एका ओळीच्या प्रश्नावर त्यानं 'नाही' दाबलं होतं. त्यानं आणि मी एका रविवारी बसून पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. आधीचा आजार असला तरी जीवघेण्या वेदनेच्या तातडीच्या उपचाराचा थोडा भाग त्यात धरलेला निघाला. जर्मन डॉक्टरच्या कागदावर रात्रीची वेळ आणि दिलेली इंजेक्शनं लिहिलेली होती. केस नंबर होता, कारण राजारामपुरीतल्या त्या एजंटानं तो रात्री घ्यायला लावला होता. ते सगळं जोडून कंपनीला ईमेल गेला, आणि सात महिन्यांनी बिलाच्या निम्म्याहून थोडे कमी पैसे खात्यावर आले. पुढचं गिफा २०२७ ला आहे. त्यानं एजंटाचा नंबर आत्ताच सेव्ह करून घेतलाय.